नीरजाच्या नावाचा गजर

सर्जेरावांनी मुलीवर कधी हात उगारला नव्हता, आणि ही गोष्ट ते चारचौघांत आवर्जून सांगत. सांगायला कारणही तसंच होतं. त्यांचे वडील भैरू, येरवड्याच्या पलीकडच्या गावात शेती करणारे, हाताचे जड. पोरगं मॅट्रिकला बसलं तेव्हा ते रोज संध्याकाळी खुंटीवरचा आसूड काढून मांडीवर घेऊन बसत आणि म्हणत, "वाच मोठ्यानं." स्वतःला अक्षरओळख नव्हती. आवाज थांबला की आसूड, एवढा सरळ हिशेब. सर्जेराव मोठ्यानं वाचत राहिले आणि मोठ्यानं नापास झाले. पुढे गाव शहरात आलं, शेतावर इमारती उठल्या. सर्जेराव कसबा पेठेत दोन खोल्यांत राहायला आले, पुन्हा बसून मॅट्रिक झाले आणि एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून चिकटले. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी नीरजा झाली, तेव्हा तिला मांडीवर घेऊन त्यांनी मनाशी ठरवलं, हिला आपण प्रेमानं शिकवायची.

आणि शिकवलीही प्रेमानं. पहाटे ते आधी उठत, चहा करून तिच्या हातात देत. ती वाचायला बसली की समोर बसून डाळिंब सोलत. ती पान उलटायची, ते दाण्यांची वाटी पुढे सरकवायचे. ती जरा खिडकीबाहेर बघू लागली की लगेच, "काय झालं बाळ? डोकं दुखतंय का?" परीक्षा आली की ते रजा टाकत. बसनं तिच्याबरोबर केंद्रावर जात, पेपर सुटेपर्यंत आवारातल्या गुलमोहोराखाली रुमाल टाकून जप करत बसत. ती बाहेर आली की आधी पाणी, मग प्रश्नपत्रिका. रसायनशास्त्रातलं त्यांना ओ की ठो कळत नसे, पण परतीच्या बसमध्ये ते एकेका प्रश्नावर बोट ठेवून विचारत, "हा लिहिलास? पूर्ण? आणि हा? पुरवण्या किती घेतल्यास?" पुरवण्या पुष्कळ असल्या की त्यांचा चेहरा फुलायचा. कमी असल्या तर ते एक अक्षर बोलत नसत, नुसते खिडकीबाहेर बघत बसत. नीरजा शाळेत असल्यापासूनच अक्षर मोठं काढायला शिकली होती.

ब्याऐंशी साली ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला बसली. पहिले दोन पेपर झाले, आणि तुळजाबाईंनी नवऱ्याला स्वयंपाकघरात गाठलं.

"अवो, पोरगी जेवत नाय."

"परीक्षा आहे. भूक मंदावते थोडी."

"थोडी? सकाळी पोहं दिलं, मोरीत जाऊन सगळं काढून टाकलं. दुसऱ्या पेपरालाबी तसंच."

"मग सांगायचं नाही का मला? लिंबू-सरबत दिलं असतं."

"तुमाला सांगायचं म्हंजे तुमी तिच्याम्होरं ग्लास धरून बसणार," तुळजाबाई म्हणाल्या आणि कणीक मळायला लागल्या.

सर्जेराव खरोखरच काळजीत पडले. काळजी पडली की त्यांचे पाय आपोआप देवळाकडे वळत. पाडव्यापासून रामनवमीपर्यंत पेठेतल्या मारुतीच्या देवळात रोज संध्याकाळी कीर्तन असे, आणि सतरंज्या अंथरण्यापासून ते चपला ओळीत लावण्यापर्यंत सर्जेराव पडेल ते काम करत. त्या वर्षी कीर्तनाला शनिवार पेठेतल्या पद्मजाताई होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या, अंगानं बारीक. पण नऊवारीवर उपरणं घेऊन उभ्या राहिल्या आणि झांजेचा पहिला ठेका पडला की मागच्या ओळीतला पेंगणारा म्हातारासुद्धा पाय आखडून बसे. पूर्वरंगातला एखादा गहन विचार त्या अशा सोडवत की निवडून ठेवलेल्या भाजीसारखा तो समोर पडे. कचेरीतून शिणून आलेला माणूस तिथे बसला की त्याच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरे. सर्जेरावांचं रोज उतरे.

मध्यंतरात बुक्का लागतो, कीर्तनकाराच्या गळ्यात हार पडतो. हार कुणाचा ते माइकवर सांगतात, आणि देणाऱ्याच्या मनात काही मागणं असेल तर सगळी सभा त्याच्यासाठी नामाचा गजर करते. कुणाचं दुखणं, कुणाच्या मुलीचं अडलेलं लग्न. गजर करणाऱ्याला त्यात काही जड नसतं. पण ज्याचं नाव निघतं त्याला वाटतं, सगळ्या पेठेनं माझं ओझं आपल्या डोक्यावर घेतलं.

तिसऱ्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी सर्जेरावांनी हार दिला.

"काय सांगू?" पद्मजाताईंनी हलक्या आवाजात विचारलं.

"मुलगी शेवटच्या वर्षाला आहे, ताई. पहिली यावी."

"वर्गात?"

"विद्यापीठात," सर्जेराव म्हणून गेले. मनात पास व्हावी, तब्येत टिकावी एवढंच होतं. पण देवापुढे मागायला उभं राहिल्यावर कमी मागणं त्यांना कसंसंच वाटलं.

ताईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि माइक जवळ ओढला. "आजचा हार आपल्या सर्जेरावांचा. त्यांची कन्या नीरजा पदवीच्या परीक्षेला बसली आहे. ती विद्यापीठात पहिली यावी म्हणून सगळ्यांनी एक मनापासून गजर!" टाळ्या, टाळ, पेटी, तबला, सगळं देऊळ एका आवाजात दणाणलं. सर्जेरावांच्या डोळ्यांना धार लागली.

देवळाच्या शिखराला कर्णा बांधला होता, हे त्यांच्या तेव्हा ध्यानातही आलं नाही. त्यांचं बिऱ्हाड देवळामागच्याच बोळात. तुळजाबाईंनी पुढे कधीतरी सांगितलं, "तुमचा त्यो गजर चालला हुता तवा पोरगी वहीवर तसाच पेन धरून बसली हुती. शाईचा ह्यो एवढा डाग पडला, तरी उचलंना."

दुसऱ्या दिवशी सकाळी नीरजा खाली उतरली, आणि बोळ तिची वाटच बघत होता. दूधवाल्यानं कावड टेकवून नमस्कार केला. फुलवाल्या बायडाबाईनं मोगऱ्याचा गजरा तिच्या हातात कोंबला. कोपऱ्यावरचे आप्पासाहेब, कीर्तनाला रोज पहिल्या ओळीत बसणारे, काठी आडवी धरून उभे. "काय नीरजाबाई, पेढे कंदी की साधे? आम्ही घसा बसवून घेतलाय तुमच्यापायी. आता तुमचं काम." त्यांनी तिच्या कपाळाला अंगारा लावला. ती सगळ्यांना "हो, हो" म्हणत गेली. सर्जेराव मागून डबा घेऊन चालले होते, आणि त्यांना इतकं भरून आलं होतं की तिच्या मानेवरचा घाम दिसूनही काही कळलं नाही.

गुलमोहोराखाली त्यांनी रुमाल टाकला, माळ काढली. जप जेमतेम सुरू झाला असेल, तर समोरच्या पायऱ्यांवरून एक मुलगी तोंडाला रुमाल लावून उतरत होती. बिचारी कुणाची तरी पोर, असं त्यांच्या मनात आलं. मग ती नीरजा निघाली.

"काय झालं? बरं नाही का? सरांना सांगू? परत जा, वेळ आहे अजून."

"पेपर देऊन आले, अप्पा."

"देऊन? काय लिहिलंस?"

"नंबर."

ती खाली मातीतच बसली. मग म्हणाली, "मी वर बघितलं ना अप्पा, तर सगळ्या बाकांवर आप्पासाहेब, बायडाबाई, सगळी मंडळी बसली होती. टाळ्या वाजवत होती. पहिला प्रश्न येत होता मला. चांगला येत होता. पण टाळ्याच थांबेनात."

त्या दिवशी बसमध्ये सर्जेरावांनी प्रश्नपत्रिका मागितली नाही. हा पेपर ऑक्टोबरला पुन्हा द्यावा लागणार, म्हणजे पहिली येणं तर गेलंच, एवढं त्यांना समजलं. मधे एक दिवस सोडून अजून दोन पेपर होते. घरी येताच नीरजा भिंतीकडे तोंड करून पडली आणि म्हणाली, "मी पुढच्या पेपरांना जाणार नाही. मला न्यायला बघू नका." हे दोन पेपर सुटले तर वर्ष जाणार होतं. पण सर्जेरावांना वर्षापेक्षा तिच्या आवाजाची भीती वाटली. तो आवाज वीस-एकवीस वर्षांच्या पोरीचा नव्हता. निवृत्तीला आलेल्या कारकुनाचा होता.

संध्याकाळी नूरबानू आली. ती नीरजाच्याच वर्गातली. तिचे वडील मेहबूब बोळाच्या तोंडाशी पुस्तकं बांधायचं दुकान चालवत, आणि दोन्ही घरांचं जाणं-येणं जुनं. सर्जेराव स्वयंपाकघरात होते. मधे नुसता पडदा.

"उठ की गं," नूरबानू म्हणत होती. "तोंड बघ आरशात. सुजलंय नुसतं."

"तुझं बरंय, नूर. तुझे अब्बा येत नाहीत मागे मागे."

"मागे? अगं, परीक्षा चालू आहे हे तरी त्यांना माहितीये का, देव जाणे. परवा मला म्हणाले, सारखी सकाळी सकाळी कुठे जातेस नटून? मी म्हटलं, पेपरला. तर म्हणाले, अच्छा, आणि पुठ्ठा कापायला लागले."

नीरजा हसल्यासारखी झाली.

"हसू नको. मी रडत होते ना रात्री, तर अम्मी म्हणाली, एवढं जड जात असेल तर सोडून दे, कुणी जबरदस्ती केलीये? सोडून दे म्हणे! तीन वर्षं काय लाटणं फिरवलं का मी? तुझे अप्पा निदान डाळिंब तरी सोलतात."

"तू खा ती डाळिंबं," नीरजा म्हणाली. "सगळी घेऊन जा. एकेक दाणा मोजून घशाखाली घालावा लागतो, अप्पा तोंडाकडे बघत असतात. दाणा गिळला की त्यांना बरं वाटतं. त्यांना बरं वाटावं म्हणून मी खाते, त्यांना बरं वाटावं म्हणून लिहिते. त्यांनी एकदा रागावावं तरी, नूर. रागावले असते तर मला उलट बोलता आलं असतं."

सर्जेराव पडद्याआड स्टोपाशी उभे होते. दूध उतू गेलं तेव्हा तुळजाबाईंनी त्यांना हातानं बाजूला केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, उन्हानं रस्ते ओस पडले असताना, ते शनिवार पेठेत पद्मजाताईंकडे गेले. ताई ओटीवर बसून झांजांच्या दोऱ्या बदलत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मग? माझ्याकडून काय हवंय?"

"आज मध्यंतरात तेवढं माइकवर सांगा, ताई. की नीरजाला कुणी काही विचारू नका. मी पहिली म्हणालो ते चुकलं माझं. वाटल्यास मी उभा राहून सांगतो, सगळ्यांची माफी मागतो."

"अस्सं. म्हणजे परवा कर्ण्यावर पोरीचं कौतुक झालं, आज कर्ण्यावर पोर पेपरातून उठून आली ते सांगायचं. उत्तम. हारही आणणार असाल."



ताईंनी दोरीची गाठ दातानं आवळली. मग त्यांचा सूर जरा उतरला. "माझी परवा चूक झाली. मागणं ऐकलं तेव्हाच मला ते रुचलं नव्हतं. पण सभा बसलेली असते, हात जोडलेला माणूस समोर असतो. बोलून गेले." झांज हातात फिरवत त्या म्हणाल्या, "माझे वडील मला कीर्तन शिकवायचे. फार मायेचे. मी उभी राहिले की पहिल्या ओळीत बसायचे आणि माझी ओळ माझ्या आधी ओठांनी म्हणायचे. मी चुकू नये म्हणून. माझं सगळं लक्ष त्यांच्या ओठांवर. देवाकडे कसलं जातंय? एकदा ते तापानं घरी राहिले, आणि त्या दिवशी माझा आवाज असा लागला, सर्जेराव, की माझी मीच चकित झाले. घरी आले तर तापात विचारतात, कसं झालं गं? मी सांगितलं, तुम्ही नव्हता, काही जमलं नाही."

"खोटं सांगितलंत?"

"काय सांगणार होते? तुम्ही नव्हता म्हणून जमलं, असं? ते गेले तरी मला ते सांगता आलं नाही." त्यांनी झांज वाजवून पाहिली, आवाज बद्द आला, पुन्हा गाठ सोडली. "तुमची मुलगी निदान तुमच्यादेखत म्हणाली, येणार नाही म्हणून. हिंमतीची आहे."

"मग मी आता करू काय?"

"ते मला कसं ठाऊक असेल? मला मूलबाळ नाही. पण आज संध्याकाळी कीर्तनाला येऊ नका, एवढं सांगते. चपला लावायला दुसरं कुणी मिळेल."

परतताना सर्जेरावांना शनिवारवाड्यापासून बोळापर्यंतचा नेहमीचा रस्ता संपता संपेना. काही करायचं असतं तर त्यांनी केलं असतं. नवस, उपास, कुणाच्या पायावर डोकं, काहीही. काहीच करायचं नाही हे त्यांच्या हातून आयुष्यात झालं नव्हतं.

दिवेलागणीला देवळातून पेटीचा सूर आला. ते घरातच बसून राहिले. नीरजानं कूस बदलून त्यांच्याकडे पाहिलं. "गेला नाहीत?"

"नाही." मग ते तिच्याकडे वळले. "नीरजा, उद्या मी केंद्रावर येणार नाही. तुला जायचं तर जा. नाही गेलीस तरी... नाही गेलीस तरी संध्याकाळी जेवायला आपण तिघं इथेच असू."

ती ताडकन उठून बसली. चेहरा भेदरलेला. "रागावलात?"

"नाही गं."

"मग का येणार नाही? नेहमी येता की. मी एक पेपर सोडला म्हणून? तुम्हाला लाज वाटते माझी, हो ना?"

हे असं काही होईल याची सर्जेरावांनी कल्पनाच केली नव्हती. जवळ बसावं तर ओझं, उठून जावं तर राग. त्यांनी शब्द शोधले. कीर्तनात ऐकलेली कितीतरी चांगली वचनं त्यांना पाठ होती. त्यातलं एकही या खोलीत चालण्यासारखं नव्हतं.

"दमलोय मी," शेवटी ते म्हणाले. "तू बालवाडीत गेलीस तेव्हापासून मी परीक्षेला बसतोय, नीरजा. आता बसवत नाही."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग ती लहान मुलीसारखी म्हणाली, "मीपण दमलेय, अप्पा."

"हो ना?"

"फार."

तिनं पाय पोटाशी घेतले आणि भिंतीला पाठ टेकली. त्यांनीही शेजारी पाठ टेकली. देवळात गजर चालला होता, आज दुसऱ्या कुणासाठी तरी. कुणाचं बरं मागताहेत, असं दोघांच्याही मनात येऊन गेलं असेल. तुळजाबाई आतून म्हणाल्या, "झालं का दमून? आमटी निवती." पण ताटं त्यांनी लगेच घेतली नाहीत.

सकाळी सर्जेराव अंथरुणातच पडून राहिले. तिला उठवायचं नाही, हे त्यांनी स्वतःला इतक्या वेळा बजावलं होतं की पहाटेपासून डोळा लागला नव्हता. उजाडलं, कावळे ओरडले, बोळातला नळ आला. ती उठेना. त्यांनी चादर मुठीत आवळली. मग मोरीत पाणी ओतल्याचा आवाज झाला. स्टो पेटला. ती स्वतः चहा करत होती, आणि साखरेचा डबा कुठे आहे ते तिला सापडत नव्हतं, हे त्यांना पडल्या पडल्या ऐकू येत होतं. डबा वरच्या फळीवर, डावीकडे. त्यांनी दात आवळले. शेवटी तिनं तो शोधला.

दार लोटल्याचा आवाज आला. ती पेपरला गेली, की नुसतीच बाहेर पडली, कुणास ठाऊक.

पुढचा वेळ कसा गेला ते त्यांचं त्यांना. तुळजाबाईंनी परातभर तांदूळ निवडायला दिले. निवडून झाले, तर त्यांनी तेच पुन्हा निवडायला घेतले.

"तितं झाडाखाली बसून तुमी काय उत्तरं सांगत हुता का?" तुळजाबाई म्हणाल्या. "मग हितं बसून काय बिघडतंय?"

"तिथे केंद्राचं दार तरी दिसायचं. आत आहे एवढं माहीत असायचं."

"मी ह्या घरात एवढी वर्सं बसले न्हवं? तुमी दोघं निघून जायचा. मला कोण सांगत हुतं, आत हाय का भाईर?"

सर्जेरावांनी मान वर करून बायकोकडे पाहिलं. हा विचार त्यांच्या मनाला कधी शिवलाच नव्हता. तुळजाबाईंनी पदरानं कपाळ पुसलं आणि त्यांच्या हातातली परात काढून घेतली.

ऊन चांगलंच चढल्यावर जिन्यावर चपला वाजल्या. नीरजा आत आली, पिशवी खुंटीला लावली, हातपाय धुतले आणि पाटावर बसली. "आई, वाढ." तुळजाबाईंनी भात वाढला, वरण वाढलं. सर्जेराव समोर बसले, पण तिच्या तोंडाकडे न बघता आपल्या ताटात बघत जेवले. ती जेवत होती. हळू, पण जेवत होती.

"अर्धाच लिहिला," ती भात कालवत म्हणाली. "पण शेवटपर्यंत बसले."

कुठला अर्धा, किती गुणांचा, पास होण्यापुरता आहे का, असे सगळे प्रश्न सर्जेरावांच्या तोंडाशी एकदम आले आणि दाटीवाटीनं तिथेच अडकले. त्यांनी भांडं उचलून पाणी प्यायलं. पुन्हा भरून पुन्हा प्यायलं.

"भात घे अजून," ते म्हणाले.

"नको."

"बरं."

हात धुऊन ती तिथेच चटईवर आडवी झाली आणि बघता बघता झोपली, तोंड किंचित उघडं ठेवून. शेवटचा पेपर अजून व्हायचा होता, ऑक्टोबर व्हायचा होता, निकाल तर फारच लांब. खालून काठीचा आवाज आला, आणि आप्पासाहेबांनी बोळातून हाक दिली, "अहो सर्जेराव! कसा काय गेला आपला पेपर?"

सर्जेराव लगबगीनं सज्जात गेले. कठड्यावरून वाकून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"झोपलीय," ते म्हणाले. "हळू बोला."

आणि आप्पासाहेब पुढे काही विचारणार तोवर त्यांनी आत येऊन दार लोटून घेतलं.